जास्वंदीला मार्क किती?

बाई, पुण्याच्या त्या कंपनीचा काल पुन्हा फोन आला. तुम्ही गेल्याचं त्यांना कुठून तरी कळलं होतं. फोनवरचा मुलगा आधी अडखळला, "ऐकून फार वाईट वाटलं मॅडम" म्हणाला, आणि त्याच दमात त्याने विचारलं, "मग आता आपल्या गेमचं कसं करायचं?" माझं डोकंच फिरलं. तुम्हाला जाऊन धड दोन आठवडे झाले नाहीत आणि ह्याला गेमची पडलीय. पण फोन ठेवल्यावर वाटलं, त्याचं तरी काय चुकलं? ह्याच प्रश्नावरून तर आपण दोघी उन्हाळ्यापासून भांडत होतो. तुम्ही भांडण अर्धं टाकून उठलात, आणि उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली.

तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितलाय. जन्म, शिक्षण, ज्युनिअर कॉलेजातली केमिस्ट्रीची नोकरी, निवृत्ती, असं क्रमाने लिहा म्हणाले. ते त्यांचं ते लिहितील. देवरे बाई किती चांगल्या होत्या हे सांगायला अख्खं नाशिक आहे. मला तुमच्याशीच बोलायचंय, कारण आपलं बोलणं संपलेलं नाही.

भांडण साधं होतं. फुलांच्या रसायनशास्त्रावर आपण दोघींनी मिळून एक खेळ केला. ब्राउझरमध्ये उघडायचा, फूल निवडायचं, कुटायचं, पाण्यात उकळायचं, त्यात लिंबू, सोडा, चुना काय हवं ते घालायचं आणि रंगाचं काय होतं ते बघायचं. कंपनीला तो हवा होता, राज्यभरच्या शाळांना ते ज्या सीडी देतात त्यात घालायला. अट एकच. खेळात मार्क हवेत. बरोबर उत्तराला टाळ्या, चुकीच्या उत्तराला तो भसाडा आवाज, आणि शेवटी दहापैकी किती. मी म्हणत होते, द्या घालून. तुम्ही म्हणत होता, मरेपर्यंत नाही. तेव्हा मी हसले होते, बाई.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला चांगला आठवतो. कॉलेज रोडला, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास नुकता कुठे चालायला लागला होता. जिना चढून दम लागलेल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. सुती साडी, पदराला ॲसिडने पडलेली बारीक बारीक भोकं. मला वाटलं, मुलाची फी विचारायला आल्यात. तुम्ही म्हणालात, "मला शिकायचंय. पण मला माऊसची भीती वाटते, आधीच सांगते." जन्मभर सल्फ्युरिक ॲसिड हाताळलेली बाई माऊसला घाबरते हे ऐकून मी तोंड फिरवून हसले. तुम्ही ते पाहिलंत आणि तुम्हीही हसलात.

पण तुम्ही आल्यापासून माझ्या क्लासचं वाटोळं झालं. वर्गातली निम्मी पोरं तुमचेच विद्यार्थी. तुम्ही आत पाऊल टाकलं की खुर्च्या मागे सरकायच्या आणि सगळे उभे. मी पंजाबी ड्रेसमधली पंचविशीची पोरगी, फळ्यासमोर खडू घेऊन तशीच. शेवटी एक दिवस तुम्हीच सगळ्यांना झापलंत. "इथं मॅडम ती आहे. उभं राहायचं असेल तर तिच्यासाठी राहा." दुसऱ्या दिवशी मी आत आले तर सगळे उभे, आणि तुम्हीसुद्धा. मला कुठे तोंड लपवू असं झालं. वर्गात तुम्ही मला कायम मॅडमच म्हणालात. जिना उतरलं की मात्र "ए उज्ज्वला, काही खाल्लंयस का?"

खेळाचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलं ते मधल्या सुट्टीत. एक जण गाड्यांची शर्यत खेळत होता, तुम्ही त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिलात. त्याची गाडी आपटली. "आता काय होणार?" तुम्ही विचारलंत. तो म्हणाला, "काही नाही बाई, परत पहिल्यापासून." तुमचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, लॉटरी लागली. "परत पहिल्यापासून! अगं, माझ्या लॅबमध्ये पोराला एक परीक्षानळी मिळते. ती फुटली की वर बोलणी." त्या दिवसापासून तुम्ही माझा पिच्छा पुरवलात. मला गेम करता येतो का, येत नसेल तर किती दिवसांत येईल, आणि अजून का आला नाही.

फुलंच का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जणू मी बिनडोक आहे. "शाळांमधून लॅबला कुलूप असतं. लिटमस पेपर कपाटात जुना होऊन जातो. जास्वंद मात्र प्रत्येकाच्या दारात आहे की नाही? जास्वंद हाच लिटमस." आणि मग ते तुमचं ठरलेलं वाक्य, जे तुम्ही नंतर भेटेल त्याला ऐकवायचात. "ह्या गावाला एके काळी गुलशनाबाद म्हणत. आणि इथल्या पोरांना फुलाला रंग कशाने येतो ते माहीत नाही. लाज नाही वाटत?" लाज मला वाटायला हवी होती, कारण मलाही माहीत नव्हतं.

एक गोष्ट तुम्हाला मी फार उशिरा सांगितली. बारावीला केमिस्ट्रीत मी गटांगळी खाल्ली होती. इंजिनिअरिंग हुकलं, म्हणून डिप्लोमा केला आणि क्लास काढला. तुमच्यासमोर हे कबूल करताना माझे कान तापले होते. दुसरं कोणी असतं तर "अरेरे" म्हणालं असतं, किंवा किती मार्क पडले ते विचारलं असतं. तुम्ही चष्मा वर केलात आणि विचारलंत, "कुठल्या धड्याला कंटाळा आला होता?" मी म्हटलं, सगळ्याच. "मग शिकवणारीला कंटाळा आला असणार," असं म्हणून तुम्ही पुन्हा खलबत्त्यात पाकळ्या कुटायला लागलात. माझ्या आयुष्यातलं एवढं मोठं दुःख तुम्ही एका वाक्यात निकालात काढलंत. त्याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. आत्ता मानते.

शनिवारी दुपारी क्लास सुटला की आपलं काम सुरू व्हायचं. तुम्ही गणेशवाडीच्या फूलबाजारातून उरलेसुरले गुलाब, झेंडू घेऊन यायच्या, जास्वंद आणि गोकर्ण तुमच्या बागेतली. रिक्षात पायाशी घरच्या पाण्याचा कॅन, मांडीवर पांढऱ्या कपांची पिशवी, कारण स्टीलच्या वाटीत रंग खोटा दिसतो. माझ्या गॅसवर भांडं चढायचं आणि अख्ख्या क्लासला उकडलेल्या पालापाचोळ्याचा वास सुटायचा. मग तुम्ही एकेक कप उचलून माझ्या मॉनिटरला टेकवायच्या आणि आपली जुंपायची.

"हा तुझा हिरवा पोपटाचा आहे. माझा शेवाळाचा आहे."

"बाई, स्क्रीनवर एवढाच येतो."

"निळा जरा कमी कर. लाल एक चिमूट घाल."

रंगांचे आकडे तुम्ही महिन्याभरात माझ्यापेक्षा चांगले वाचायला लागलात, हे मला तेव्हा मुळीच आवडलं नव्हतं. एकदा तर तुम्हाला संशय आला की ट्यूबलाइटमुळे घोळ होतोय. तेव्हाचे मॉनिटर ते, एकटीला उचलायचे नाहीत. आपण दोघींनी तो वायरीसकट ओढून गॅलरीत नेला, उन्हात ठेवला आणि शेजारी कप मांडले. खालून झेरॉक्सवाले काका ओरडले, "काय मॅडम, टीव्हीला ऊन देताय का?" उन्हात तर स्क्रीनवर काहीच दिसेना. तुम्ही म्हणालात, "बरं, एवढं तरी कळलं."

त्यात मराठी अक्षरांची रड होती. माझ्याकडे दिसणारी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन बसायची. म्हणून मी प्रत्येक वाक्याचं चित्र करून लावायचे. एक वाक्य, एक चित्र. आणि तुम्ही सगळं झाल्यावर म्हणायच्या, "इथं 'रंग बदलला' नको. 'रंग पालटला' कर." नुसता एक शब्द. तो बदलायला माझा अर्धा तास जायचा. तुम्ही माझ्या नाकी नऊ आणलेत, बाई. पण पालटला हाच शब्द बरोबर होता. कप हातात धरून बघणाऱ्याला तोच सुचतो.

मार्कांचं भांडण खरं तर तेव्हाच सुरू झालं होतं. मी म्हटलं, गेम आहे तर जिंकायचं काय? तुम्ही म्हणालात, "बघायला मिळालं ना? अजून काय जिंकायचंय?" मी म्हटलं, पोरं कंटाळतील. तुम्ही म्हणालात, "कंटाळू दे. मग उठून खरी जास्वंद तोडतील." गुलबक्षीच्या वेळी तर मी हात टेकले. तिचा रंग वेगळ्याच जातीचा, लिंबू पिळा नाहीतर काही करा, ढिम्म. मी म्हणाले, ही काढून टाकू, पोरांना वाटेल गेम बंद पडला. तुम्ही ऐकेनात. नंतर एका शाळेच्या सरांनी खरंच फोन केला, गुलबक्षीवर हँग होतोय म्हणून. तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलंत, "सर, घरी एक लिंबू आहे का? मग गुलबक्षी हँग होते का बघा आणि मला कळवा." त्यांनी आठवड्याने कळवलं. खूश होते.

तुम्हाला मोगऱ्याचा वाससुद्धा हवा होता. एक दुपारभर तुम्ही मला विचारत होतात, कॉम्प्युटरमधून वास का येत नाही, आणि मी सांगत होते की येत नाही म्हणजे येत नाही. तेवढ्या एका भांडणात तुम्ही माघार घेतलीत.

आणि मग सुरगाणा. ते मी विसरूच शकत नाही.

गावित सर तुमचे जुने विद्यार्थी, सुरगाण्याच्या पुढे एका आश्रमशाळेवर होते. शाळेत एक कॉम्प्युटर आला होता, इंटरनेट नव्हतं. मी म्हटलं, हरकत नाही, खेळ ब्राउझरमध्ये सीडीवरूनही उघडतो. एसटीने सुरगाणा, तिथून जीपने पुढे. जीपमध्ये माणसं कोंबलेली, तुमच्या मांडीवर कपांची पिशवी, आणि प्रत्येक खड्ड्याला तुम्ही मला न धरता पिशवीला धरत होतात. पोचलो तर लाइट नाही. गावित सर ओशाळून म्हणाले, "मॅडम, लाइट दुपारनंतर येते. तवर चहा घ्या." तुम्ही म्हणालात, उत्तम, तोवर फुलं तोडू.

लाइट आली, पोरांनी आळीपाळीने खेळ खेळला. मग तुम्ही सगळ्यांना पटांगणात बसवलंत आणि तीन दगडांच्या चुलीवर त्यांचीच जास्वंद त्यांच्याच पाण्यात उकळायला लावलीत. आपल्या खेळात साध्या पाण्यातली जास्वंद मळकट निळी-जांभळी व्हायची. तुम्ही स्वतः कप धरून तो रंग ठरवला होता, मी रात्रंदिवस तो जुळवला होता. इथं भांड्यात रंग आला तो लालसर, चांगला गडद. लिंबू नाही, काही नाही.

पुढे बसलेली एक मुलगी भांड्यात बघून म्हणाली, "बाई, तुमच्या कम्प्युटरात चुकीचं हाय. आमचा लाल झालाय."

गावित सर दबक्या आवाजात म्हणाले, "गप बस गं, मॅडम येवढ्या लांबून आल्यात." मी तर आधीच कारण शोधायला लागले होते, फुलं जास्त घातली असतील, भांड्याचा गंज असेल. आणि तुम्ही? तुम्ही त्या मुलीशेजारी मातीत बसलात, भांड्यात बघितलंत, आणि विचारलंत, "पाणी कुठलं आणलंस गं?"

"झऱ्यावरचं."

तुम्ही एकदम टाळी वाजवलीत. आनंद झाला की तुमची बोली सटाण्याच्या अहिराणीवर जायची, ती गेलीच. "हाई पोर खरं बोलस!" मग माझ्याकडे वळलात आणि मोठ्याने म्हणालात, "उज्ज्वला, आपण आपल्या बोअरचं पाणी अख्ख्या महाराष्ट्राला पाजायला निघालो होतो गं!"

मला आधी काही कळलंच नाही. मग तुम्ही तिथेच, मातीत बसल्या बसल्या, पोरांना आणि मला एकत्रच समजावलंत. तुमच्या सोसायटीचं पाणी बोअरचं, जड, क्षारांचं. भांड्याला पांढरा थर बसतो तेच. क्षार असले की थोडासा सोडा घातल्यासारखंच होतं, जास्वंद निळसर पडते. ह्यांच्या झऱ्याचं पाणी हलकं, पावसाचं, म्हणून लाल राहिली. लॅबमध्ये तुम्ही ही चूक कधी केली नसती. तिथं डिस्टिल्ड वॉटर असतं. पण तुम्हीच हट्टाने ते नाकारलं होतंत, पोरांच्या घरी डिस्टिल्ड वॉटर कुठलं म्हणून. घरचं पाणी घेतलंत आणि घराघरातलं पाणी वेगळं असतं हे विसरलात. पोरांच्या काळजीपोटी केलेली चूक होती ती. त्या मुलीला तुम्ही म्हणालात, "तुझंही बरोबर आणि माझंही. फक्त मी पाण्याला विचारायला विसरले."

बाई, मोठी माणसं चुकलेली मी खूप पाहिलीत. चुकल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. परतीच्या जीपमध्ये तुम्ही बडबडत होतात आणि मी गाल फुगवून बसले होते, कारण पुढे काय येणार ते मला दिसत होतं. आलंच. खेळाचा पहिला प्रश्न आता असा हवा, तुझं पाणी कुठलं? विहीर, झरा, नळ, बोअर, पावसाचं. म्हणजे प्रत्येक फुलाचा प्रत्येक रंग पुन्हा. मी ओरडलेच, "सगळे रंग परत?" तुम्ही निरागसपणे म्हणालात, "हो. परत पहिल्यापासून."

मग तुमच्या घरी बाटल्या येऊ लागल्या. लासलगावच्या विहिरीचं पाणी कोणी कांद्याच्या ट्रॅक्टरवरून पाठवलं, दिंडोरीहून कोणी द्राक्षबागेतल्या बोअरचं. नातेवाईक लग्नाला आले तरी हातात आहेराबरोबर पाण्याची बाटली. नाना, तुमचे यजमान, शांत माणूस, पण त्यांनीही एकदा विचारलं, "ह्यातलं प्यायचं कुठलं तेवढं सांग." पुढचं जवळजवळ वर्ष आपण त्यात घातलं. मी रोज वैतागत होते आणि दर शनिवारची वाटही बघत होते. त्या वर्षाने मला जे दिलं ते मला कुठल्याच शाळेने दिलं नाही. मला बघता येऊ लागलं. आजही कोणाच्या दारात फूल दिसलं की मी मनातल्या मनात त्याच्यावर लिंबू पिळते.

खेळ तयार झाला. आपण तो इंटरनेटवर टाकला, विज्ञान प्रदर्शनांत लावला, सीडी करून जीपवाल्यांच्या हाती खेड्यापाड्यांत पाठवल्या. आणि तिथेच एका प्रदर्शनात कंपनीच्या लोकांनी तो पाहिला.

आता माझी बाजूही ऐकून घ्या, कारण तुम्ही ती कधी नीट ऐकली नाहीत. मला टाळ्या आणि तो भसाडा आवाज आवडत होता असं नाही. पण आपल्या सीडी पोचून पोचून किती शाळांत पोचणार होत्या? कंपनीने घेतला तर कानाकोपऱ्यातल्या शाळांतली पोरंसुद्धा तुमची जास्वंद उकळतील. शेवटी दहापैकी सहा असं दिसलं तर काय बिघडतं? आपण नसलो तरी खेळ राहील, असंही मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "राहील, पण कोणाचा राहील?" मी चिडून म्हणाले, "बाई, तुमच्या हट्टापायी हजारो पोरांना हे मिळणार नाही." फोनवर तुम्ही म्हणालात, "उज्ज्वला, तू म्हणतेस त्यात काही तरी आहे. पण माझं मन होत नाहीये. तू उद्या ये. अळूची भाजी करते. जेव आणि मग भांडू."

सकाळी नानांचा फोन आला. तुम्ही झोपेतच गेला होतात.

तुमच्या स्वयंपाकघरात अळूची पानं निवडून ठेवलेली होती. मी ती बघितली आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. लोक येत होते, जात होते, तुमची मुलं, म्हणजे तुमचे विद्यार्थी, केस पांढरे झालेलेसुद्धा, ओक्साबोक्शी रडत होते. मला रडू येत नव्हतं. मला तुमचा राग आला होता. अशी अर्ध्यावर कोणी उठतं का?

तेराव्याचं आटोपल्यावर नानांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "त्या कंपनीचं तू ठरव. मला त्यातलं काही कळत नाही. ती म्हणायची, उज्ज्वला माझ्याशी भांडते, म्हणून मला तिचा भरवसा वाटतो." मी नानांना म्हटलं, विचार करते. पण मनात माझं ठरलं होतं. मी हो म्हणणार होते. तुम्ही गेलात, निदान तुमचा खेळ तरी सगळीकडे जावा. तुमचं नाव पहिल्या पानावर मोठं लिहीन, मग पुढे मार्क असले तर असू देत.

म्हणून काल कंपनीचा फोन ठेवला आणि लगेच कामाला बसले. एका दुपारचं काम होतं. पहिला प्रश्न लिहिला: साध्या पाण्यात जास्वंदीचा रंग कोणता? चार पर्याय लिहिले. लाल, जांभळा, निळसर, राखाडी. आता ह्यातल्या एकापुढे "बरोबर" असं लिहायचं, की संपलं. एवढंच करायचं होतं.

मला ते लिहिता येईना. लासलगावला जांभळा बरोबर. तुमच्या घरी निळसर बरोबर. चारही पर्याय कुठे ना कुठे, कोणाच्या ना कोणाच्या भांड्यात खरे. मग म्हटलं, सोपं आहे, पाण्याचा प्रश्नच काढून टाकू. आधी होतं तसं एकच पाणी ठेवू. मी ती स्क्रीन पुसायला घेतली आणि माझ्या डोळ्यांसमोर ती सुरगाण्याची मुलगी आली. तिच्या भांड्यात लाल पाणी, ती "लाल" वर माऊस दाबते, आणि माझा कॉम्प्युटर तिच्या तोंडावर भसाडा आवाज काढतो. पुढच्या वेळी ती भांड्यात बघणारच नाही. उत्तर पाठ करेल. कशाला बघेल?

तेव्हा मला रडू आलं, बाई. इतके दिवस आलं नव्हतं ते.

आज सकाळी कंपनीला फोन केला. सांगितलं, मार्क घालता येणार नाहीत, आहे तसा हवा तर घ्या. तो मुलगा गोंधळला. "टेक्निकल प्रॉब्लेम आहे का मॅडम? आमचे इंजिनिअर मदत करतील." मी म्हटलं, "टेक्निकल नाही, केमिस्ट्रीचा आहे." तो म्हणाला, वर विचारून कळवतो. आवाजावरूनच कळलं की कळवणार नाही. म्हणजे हजारो पोरांना हा खेळ मिळणार नाही, मी म्हणत होते तेही खरंच ठरलं, आणि त्याचं मला वाईट वाटतंय. वाटत राहील. गावित सरांना मात्र सांगितलंय की अजून सीडी लागल्या तर सांगा, मी स्वतः घेऊन येते.

पण भांडण तुम्ही जिंकलात, बाई. साफ जिंकलात. मला हे तुमच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून, तोंडात घास असताना कबूल करायचं होतं, आणि जिंकल्यावर तुम्ही किती हसता ते बघायचं होतं.